मॉनिटर तापतो तेव्हा

आमच्या शेजारी सदाशिव पेठेत एक निवृत्त मास्तर राहतात. संगणकावर भाषांतरं करून ते पेन्शनला थोडीशी जोड देतात. ऐन वैशाखात एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. मॉनिटर दहा मिनिटं चाले, पाठीला चटका बसेल इतका तापे आणि मग पडदा काळा होई. थंड झाला की पुन्हा सुरू. काम चार दिवसांत द्यायचं होतं. दुकानदारानं सांगितलं होतं, "नवा घ्या." मी गेलो तेव्हा मास्तर स्क्रूड्रायव्हर घेऊन पाठ उघडायला बसले होते, आणि प्लग सॉकेटमध्येच! आधी तो काढला आणि मगच बोलायला बसलो.

आता ऊब आणि ताप यांत फरक आहे. मॉनिटर जी वीज घेतो, तिचा बराचसा भाग अखेर उष्णतेतच जातो. तेव्हा पाठ कोमट लागणं हे दुखणं नव्हे. हात टेकवत नाही, जळका वास येतो किंवा पडदा मधेच मिटतो, हे मात्र दुखणं. वास किंवा धूर आला तर विचार करीत बसू नये, प्लग काढावा.

पहिली तपासणी बाहेरूनच करावी. मास्तरांच्या मॉनिटरवर क्रोशाचं सुंदर झाकण होतं, आणि पाठ भिंतीला चिकटलेली. हवा जाणार कुठून? झाकण काढलं, मॉनिटर भिंतीपासून चार बोटं पुढे ओढला, फटींतली धूळ कोरड्या ब्रशनं झाडली आणि पडद्याचा उजेड निम्म्यावर आणला. उजेड कमी तर ताप कमी. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या आसपास जातो, हेही ध्यानात असू द्यावं.

मग टेबलफॅनचा वारा पाठीवर सोडला. पडदा दहाऐवजी वीस मिनिटं टिकला, पण मिटलाच. म्हणजे दोष आतला. अशा वेळी संशय धरावा तो कपॅसिटरवर. वीजपुरवठ्याच्या पट्टीवर या लहान नळकांड्या असतात आणि त्यांच्यात द्रव असतो. उष्णतेनं तो हळूहळू सुकतो, कपॅसिटर नीट काम करीत नाही, स्वतःच अधिक तापतो आणि अधिक सुकतो. ताप 10 अंशांनी वाढला की त्याचं आयुष्य सुमारे निम्मं होतं, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. डोकं फुगलेलं दिसलं की रोग सापडला. पण दर वेळी ते फुगतंच असं नाही. तेव्हा मापकाची गरज लागते.

मात्र हे काम आपण करू नये. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टहून अधिक दाब काही काळ राहू शकतो. जुन्या, जाड पाठीच्या मॉनिटरच्या काचेच्या नळीत तर तो 25,000 व्होल्टपर्यंत असतो. मास्तरांचा हात कुठे जाणार होता, ते आता कळलं असेल.

मॉनिटर आम्ही पासोड्या विठोबाजवळच्या एका कारागिराकडे नेला. फुगलेले दोन कपॅसिटर निघाले. त्यांच्या जागी त्याने तितक्याच मायक्रोफॅरडचे, व्होल्ट तितकेच किंवा अधिक, आणि 105 अंश सोसणारे बसवले. ऋण टोकाची पट्टी पाहून, कारण उलट बसले तर फुटतात. वस्तू किरकोळ किमतीची, मजुरीच खरी. मास्तरांचं काम वेळेवर गेलं.

दुरुस्ती न होणारा मॉनिटर मात्र भंगारात फोडायला देऊ नये. जुन्या नळीच्या काचेत शिसं असतं. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रावर तो पोचवावा.

तेव्हा आज घरी गेल्यावर एवढंच करा: मॉनिटरवरचं झाकण काढा आणि पाठीला हात लावून पाहा. क्रोशाचं झाकण टीपॉयवर तितकंच शोभेल.