टाकीचं झाकण



टाकी फुल्ल करून पंपावरून निघालात, वळण जरा जोरात घेतलं आणि गाडीत पेट्रोलचा वास आला, तर आपण काय करतो? काच खाली करतो. वास जातो, विषयही जातो. पुढे कधीतरी गाडी धुताना टाकीच्या फ्लॅपखाली एक ओघळ दिसतो. धूळ बसून काळपट झालेला, नुसत्या पाण्याने न जाणारा. तो दिसला की टाकीचं झाकण काढून, उलटं करून उजेडात धरायचं.

आत रबराची एक रिंग दिसेल. गॅरेजवाले तिला वायसर म्हणतात. चांगली रिंग गुबगुबीत असते, नखाने दाबली तर परत वर येते. थकलेली रिंग एका बाजूने चपटी होते, तिच्यावर चकचकीत पट्टा पडतो आणि जराशी वाकवली की केसासारख्या भेगा उघडतात. वर्षानुवर्षं दाबाखाली, वर ऊन आणि आतून पेट्रोलची वाफ. रबर तरी किती टिकणार? दुसरी खूण कानाला कळते. झाकण आवळताना शेवटी टक्-टक् आवाज यायला हवा. योग्य तेवढं आवळलं गेल्यावर वरची मूठ आतल्या आट्यांवरून सुटून फिरते, त्याचा तो आवाज. तो न होता मूठ नुसतीच गरगर फिरत असेल, तर रबर कितीही चांगलं असो, झाकण बाद.

आता, हे झाकण म्हणजे बरणीचं झाकण नव्हे. त्याला बंद तर राहायचं असतंच, शिवाय श्वासही घ्यायचा असतो. टाकीतलं पेट्रोल जळत जातं तशी त्याच्या जागी हवा आत यावी लागते. नाहीतर आत पोकळी होते, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाला ओढ बसते आणि लांबच्या प्रवासात गाडी आचके देऊ लागते. म्हणून झाकणाच्या पोटात स्प्रिंगवर बसवलेली छोटी झडप असते. पोकळी झाली की ती हवा आत घेते, आणि दाब फारच वाढला तर तो बाहेर सोडते. एरवी उन्हात तयार होणारी वाफ नळीतून कॅनिस्टर नावाच्या डब्यात जाते. तिथला कोळसा ती धरून ठेवतो आणि इंजिन चालू असताना तीच वाफ ओढून जाळली जाते. पेट्रोलची वाफ हवेत मिसळून प्रदूषण होऊ नये, ही त्यामागची सोय. त्या वाफेत बेंझिन असतं, ते छातीत जाऊ नये हेही त्यात आलंच.

आणि आपण काय करतो? पंपावर झाकण विसरलं की भोकात फडकं कोंबतो. नाहीतर पॉलिथिन बांधून वर रबरबँड लावतो. रिंग गेली तर कोणीतरी हुशार माणूस सायकलच्या ट्यूबचं वायसर कापून देतो. ते पहिल्या दिवशी अगदी झकास बसतं. पण ट्यूबचं रबर पेट्रोलमध्ये फुगतं, मऊ पडतं आणि त्याचे तुकडे टाकीत जातात. झाकणाची रिंग पेट्रोलला दाद न देणाऱ्या वेगळ्या रबराची असते. पावसाळ्यात तर ही जुगाडं जास्तच महागात पडतात. फ्लॅपच्या खोबणीतलं पाणी निघून जायचं बारीक भोक चिखलाने बुजतं, पाणी झाकणाभोवती साचतं आणि वाट मिळेल तिथून आत शिरतं. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी धरून ठेवतं. पाणी फार झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळी होतात आणि तळाशी बसतात, आणि पंप ओढतो तो तळातूनच.

तेव्हा नवं झाकण घ्या. जुनं खिशात घालून दुकानात जाऊ नका, गाडीच घेऊन जा. मॉडेल, साल, पेट्रोल की डिझेल हे सांगा. आटे जुळले म्हणजे झाकण बसलं असं नाही. रिंग पेट्रोल भरायच्या नळीच्या ओठावर टेकली पाहिजे आणि झडपही त्याच गाडीची पाहिजे. चोरीच्या भीतीने किल्लीचं झाकण घेणार असाल, तर तेही तुमच्याच मॉडेलचं आहे ना, याची खात्री करा.

बदलायचं काम सकाळी करा. इंजिन थंड, टाकी अर्धी किंवा कमी, गाडी उघड्यावर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बंद पार्किंगमध्ये खालीच साचून राहते, आणि उणे चाळीस अंशांतसुद्धा ठिणगीने पेटते. शेजारी कोणी आपल्या गाडीला उदबत्ती ओवाळत असेल, तर ते आटपू द्या. आधी गाडीच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल. नळीचा ओठ कोरड्या फडक्याने पुसून त्यावरून बोट फिरवा. गंज किंवा खाच लागली, तर नवं झाकणही गळेल. झाकण गाडीला जोडून ठेवणारी पट्टी एका प्लॅस्टिकच्या गुंडीने अडकवलेली असते. ती प्लॅस्टिकच्याच चपट्या पट्टीने उचका, स्क्रू ड्रायव्हरने रंग निघतो आणि तिथूनच गंज धरतो. नवी गुंडी दाबून बसवा. झाकण लावताना आधी जरा उलटं फिरवा. आटे एका जागी खट्‌कन खाली बसल्याचं हाताला कळतं, तिथून सरळ फिरवा, म्हणजे ते तिरके चढत नाहीत. टक्-टक् झालं की थांबा. रिंगेखाली पट्टी तर अडकली नाही ना, तेवढं पाहा.

अमेरिकेत १९९६ पासून गाड्यांना ओबीडी-टू ही स्वयंतपासणी सक्तीची झाली. तिथे झाकण ढिलं राहिलं तरी इंजिनाचा पिवळा दिवा लागू शकतो, आणि आपली तिकडची मंडळी घाबरून गॅरेज गाठतात. इथे मात्र आपल्या नाकावरच भिस्त ठेवलेली बरी.

नवं झाकण लावूनही वास येत राहिला, तर आधी आपली एक सवय तपासा. नोझल आपोआप बंद झाल्यावर पंपावरचा मुलगा विचारतो, ‘‘काका, राउंड फिगर करू?’’ आणि आपण मान हलवतो. ते वरचं पेट्रोल वाफेच्या नळीतून कॅनिस्टरमध्ये शिरतं आणि कोळसा भिजवतं. कॅनिस्टर एकदा भिजला किंवा नळी चिरली, की काम आपल्या हातातलं राहत नाही. ते मेकॅनिकला गाडी वर घेऊनच पाहू द्या.