आधी बॅटरी, मग हाक

आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ साली आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. मग पोरीला नेमबाजीला घालावं का? जरूर घाला. पण तिथला पहिला धडा नेमाचा नसतो, जपण्याचा असतो.

पिस्तूल भरलेलंच आहे असं धरायचं. नळी माणसाकडं करायची नाही. बार काढायचा नसेल तोवर बोट चापाबाहेर. समोर काय आहे आणि त्याच्या मागं काय आहे, ते दिसल्याशिवाय बार नाही.

रात्री हा शेवटचा नियम सगळ्यात मोठा. घरात परवान्याची बंदूक असेल तर घरच्यांना सांगा: उसात सळसळ झाली म्हणजे डुक्करच असतंय असं नाही. रात्रीची लाइट असली की पाणी पाजायला आपलीच माणसं उसात असतात. म्हणून आधी बॅटरी, मग हाक. बंदूक रोखून अंधारात बघायचं नाही.

वरातीतही हवेत बार नको. वर गेलेली गोळी खाली येतेच. असा बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

आणि आपणही रात्री पाण्याला जाताना शेजारच्या रानात सांगून जायचं, बॅटरी चालू ठेवायची. हे येत्या बैठकीत बोला.