रोग्याच्या उशाशी



तुम्ही वर्गात शंभरापर्यंत आकडे शिकलात. घड्याळही वाचू लागलात. त्याचा उपयोग बाजारात आहेच. पण इस्पितळातही आहे. तो कसा, ते आज सांगते.

मिरजेला डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली इस्पितळ सुरू केले. तेव्हापासून आपल्या सातारा-सांगलीकडची माणसे रोगी घेऊन मिरजेची वाट धरू लागली. इस्पितळ कोणतेही असो, रोग्यासंगे घरचे एक माणूस राहतेच. सिस्टरला पुष्कळ रोगी पाहायचे असतात. तुम्ही एकाच्याच उशाशी बसता. म्हणून बदल पुष्कळदा आधी तुम्हांला दिसतो.

"एकाएकी बिघडलं," असे आपण म्हणतो. बहुधा तसे नसते. शरीर काही तास आधीपासून खुणा करते. मोठी खूण श्वासाची.

रोगी स्वस्थ पडलेला असताना श्वास मोजा. छाती वर गेली, खाली आली, की एक. घड्याळात पुरे एक मिनिट मोजा. मोठ्या माणसाचे १२ ते २० श्वास ठीक. २० च्या वर गेले, तर सिस्टरला सांगा. २५ किंवा जास्त, अथवा ८ किंवा कमी भरले, तर पळत जा. लहान मुलांचा श्वास मुळातच जलद. त्यांना हे आकडे लावू नका.

आणखी खुणा पाहा. ओठ निळसर होतात. अंग गार पडून घाम सुटतो. लघवी कमी होते. माणूस बरळतो, ओळख देत नाही, हाकेला डोळे उघडत नाही. "झोप लागलीय, निजू द्या," म्हणू नका. गुंगीतल्या माणसाला पाणी पाजू नका. ते श्वासनळीत जाऊ शकते.

विलायतेत डॉक्टरांनी २०१२ साली एक तक्ता काढला. श्वास, नाडी, रक्तदाब, ताप, प्राणवायू आणि शुद्ध, यांना गुण द्यायचे. शाळेत जादा गुण म्हणजे शाबासकी. इथे जादा गुण म्हणजे धोका! बेरीज ७ झाली, की डॉक्टरांना तातडीने बोलवायचे.

आपली माणसे इस्पितळात बुजतात. "रात्रीचं कशाला उठवायचं? सिस्टर रागावतील," म्हणून गप्प राहतात. पहाटेपर्यंत वेळ निघून जाते. नुसते "बरं वाटत नाही" म्हणू नका. "सिस्टर, मघाशी १८ श्वास होते, आता २८ आहेत. चला, बघा," असे सांगा. कोणी आले नाही, तर पुन्हा सांगा. रागावले तर रागावू द्या. राग सकाळी निवळतो. गेलेले माणूस परत येत नाही.

चला, आता घड्याळ पाहा. शेजारी बसलेल्याचे श्वास मोजा. एक...