डीएनएची साक्ष आणि मुद्देमालाची खोली



एखाद्या खटल्यात 'डीएनए जुळला' असे वृत्त आले की न्यायालयाचे काम संपले, आता उरली ती केवळ शिक्षा, अशी समजूत सुशिक्षितांत दृढ होत चालली आहे. चळवळीतील कार्यकर्तेही तिला अपवाद नाहीत. विज्ञाननिष्ठा हे समाजवादी विचाराचे अंग खरे. परंतु प्रयोगशाळेचा शिक्का दिसताच चिकित्सा थांबवणे ही विज्ञाननिष्ठा म्हणता येणार नाही. म्हणून या शास्त्राचे सामर्थ्य कोठवर आहे आणि ते कोणाच्या हाती आहे, हे दोन्ही प्रश्न एकत्रच विचारले पाहिजेत.

शास्त्राची कुळकथा मोठी उद्बोधक आहे. सप्टेंबर १९८४ मध्ये ब्रिटनमधील लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांना माणसामाणसांतील भेद दाखवणाऱ्या डीएनएच्या पट्ट्या प्रथम दिसल्या. घानाहून आईकडे परतलेल्या एका मुलाला, तो त्या बाईचा मुलगाच नसावा अशा संशयावरून ब्रिटिश अधिकाऱ्यांनी अडवले होते. १९८५ साली जेफ्रीज यांच्या चाचणीने मायलेकरांचे नाते सिद्ध झाले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. या शास्त्राचा हा पहिला व्यावहारिक उपयोग. एका परदेशी कुटुंबाने तो सरकारविरुद्ध केला, हे सहसा सांगितले जात नाही.

पुढचा प्रसंग अधिक प्रसिद्ध आहे. लेस्टरजवळच्या खेड्यांत १९८३ व १९८६ साली १५ वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार होऊन त्यांच्या हत्या झाल्या. एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात हरकाम्या म्हणून राबणाऱ्या १७ वर्षांच्या मुलाने दुसऱ्या हत्येची कबुली पोलिसांजवळ दिली. चाचणीने दाखवले ते असे: दोन्ही गुन्हे एकाच पुरुषाचे, आणि तो पुरुष हा मुलगा नव्हे. कबुलीजबाबाचे मूल्य काय असते, ते यावरून कळावे. त्यानंतर परिसरातील सुमारे ५,००० पुरुषांचे नमुने घेण्यात आले. खऱ्या गुन्हेगाराने आपल्याऐवजी बेकरीतील एका सहकाऱ्याला रक्त द्यायला पाठवले आणि तो चाळणीतून सुटला. अखेर दारूच्या गुत्त्यावरील त्या सहकाऱ्याची बडबड कोणीतरी ऐकली, म्हणून १९८७ साली तो सापडला. ५,००० नमुन्यांनी जे साधले नाही ते एका जागरूक कानाने साधले. चाचणीने मग त्यावर शिक्कामोर्तब केले.

आता शास्त्र थोडक्यात पाहू. पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात; प्रत्येक जोडीतील एक आईकडून, एक बापाकडून. सर्व माणसांचा डीएनए बहुतांशी सारखाच. परंतु काही ठिकाणी रासायनिक अक्षरांचा एकच छोटा तुकडा, आगगाडीला एकाच घडणीचे डबे जोडावेत तसा, पुन्हा पुन्हा येतो आणि डब्यांची संख्या माणसागणिक बदलते. अशा ठरावीक जागांवरील डबे मोजावयाचे, एवढेच हे काम. एका जागेवर आईकडून ११ व बापाकडून १४ डबे आलेली माणसे पुष्कळ सापडतील. मात्र वीस-बावीस जागांवरील सर्व आकडे तंतोतंत जुळणारी दुसरी व्यक्ती, एकाच बीजापासून जन्मलेले जुळे भावंड सोडले तर, मिळणे जवळजवळ अशक्य. १९८३ साली कॅरी मुलिस यांनी शोधलेल्या पद्धतीमुळे अत्यल्प डीएनएच्याही असंख्य प्रती काढता येतात. पूर्वी रक्ताचा डाग लागत असे, आता दाराच्या कडीला लागलेल्या हाताचा स्पर्श पुरतो.

शास्त्राचे सामर्थ्य येथे आहे आणि धोकाही येथेच. नमुना जुना, सडका किंवा अनेकांचा मिसळलेला असला की सर्व जागा वाचता येत नाहीत. मग 'जुळणारा माणूस १० लाखांत एक' असे मत येते आणि ऐकणारा ते 'आरोपी निर्दोष असण्याची शक्यता १० लाखांत एक' असे समजतो. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटींहून अधिक होती. १० लाखांत एक म्हणजे तसे शंभरावर लोक या एका राज्यातच निघतील. त्यांपैकी हाच तो, हे ठरवण्यासाठी दुसरा पुरावा लागतो.

आणि सर्व आकडे जुळले तरी डीएनए तेथे कसा आला, हे डीएनए सांगत नाही. २०१२ साली कॅलिफोर्नियात एका धनिकाची हत्या झाली आणि त्याच्या नखांवर एका बेघर माणसाचा डीएनए सापडला. त्या माणसाने सुमारे पाच महिने तुरुंगात काढले. पुढे उघड झाले की हत्येच्या वेळी तो दारूने बेशुद्ध होऊन रुग्णालयात पडलेला होता. ज्या रुग्णवाहिका-सेवकांनी त्याला तेथे पोचवले तेच काही तासांनी हत्येच्या ठिकाणी गेले होते. रुग्णालयाची नोंद नसती तर त्याचे काय झाले असते? जर्मनीत तर पोलिस कित्येक वर्षे एका अज्ञात स्त्रीच्या मागावर होते. तिचा डीएनए सुमारे ४० गुन्ह्यांच्या ठिकाणी मिळाला होता. २००९ साली रहस्य उलगडले ते असे की, नमुने टिपण्याच्या कापसाच्या काड्या तयार करण्याच्या कामावरील एका कामगार स्त्रीचा तो डीएनए होता!

आपल्या देशात या तंत्राचा पाया १९८० च्या दशकाच्या अखेरीस हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात लालजी सिंग यांनी घातला. कायद्याने त्याला स्थान दिले ते तज्ज्ञाचे मत म्हणून. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ४५ हे सांगत होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याचे कलम ३९ तेच सांगते. आरोपीचे रक्त घेणे म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणे नव्हे, ही भूमिका मुंबई राज्याच्या एका खटल्यात १९६१ साली ११ न्यायाधीशांच्या पीठाने बोटांच्या ठशांबाबत दिलेल्या निर्णयाच्या आधाराने रूढ झाली आहे. म्हणजे आरोपीच्या शरीराचे दार सरकारला उघडे आहे. मग नमुना घेतल्यापासून अहवाल येईपर्यंत तो कोठे होता, हे विचारण्याचा अधिकार तरी त्याच्याकडे असलाच पाहिजे.

दिल्लीच्या छावला भागात फेब्रुवारी २०१२ मध्ये कामावरून घरी परतणाऱ्या १९ वर्षांच्या तरुणीचे अपहरण होऊन तिची निर्घृण हत्या झाली. तिघांना फाशीची शिक्षा झाली. पुराव्यात डीएनएचा अहवाल होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिघांनाही निर्दोष सोडले. १४ व १६ फेब्रुवारीला घेतलेले नमुने २७ फेब्रुवारीपर्यंत पोलिसांच्या मुद्देमालाच्या खोलीत पडून होते, आणि तज्ज्ञाने कोणती पद्धत कशी वापरली हे खालच्या दोन्ही न्यायालयांनी तपासलेच नव्हते. या निकालाने अनेकांना संताप आला, तो समजण्यासारखा आहे. पण त्या खोलीतील हलगर्जीपणाने आरोपींवर फाशीची टांगती तलवार ठेवली आणि मुलीच्या आईबापांना रिकाम्या हाती परत पाठवले. बेपर्वा तपासाची झळ दोन्ही पक्षांतील गरिबांनाच लागते.

जुलै २०२५ मध्ये तामिळनाडूतील दुहेरी हत्येच्या खटल्यात, फाशी झालेल्या आरोपीची सुटका करताना याच न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले. नमुना ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचावा. खटला चालू असता न्यायालयाच्या परवानगीवाचून पुडके उघडू नये. नमुना कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याची नोंदवही ठेवून ती खटल्याच्या कागदपत्रांना जोडावी. तत्त्वज्ञान म्हणून यात काही नाही, साधी कारकुनी शिस्त आहे. परंतु तिच्यावाचून प्रयोगशाळेतील सारी हुशारी व्यर्थ आहे, हे मान्य व्हायला एवढी वर्षे लागली.

दुसरा प्रश्न साठवणुकीचा. डीएनएसंबंधी स्वतंत्र विधेयक २०१९ साली लोकसभेत मांडले गेले आणि २०२३ साली मागे घेतले गेले. दरम्यान २०२२ साली १९२० च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेल्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने अटक झालेल्या कोणाचेही जैविक नमुने व त्यांचे विश्लेषण साठवण्याची वाट मोकळी केली. नोंदी ७५ वर्षे राहणार. नमुना घेण्याचा अधिकार हेड कॉन्स्टेबलपर्यंत उतरला आहे. स्त्रिया व मुलांविरुद्धचा गुन्हा किंवा किमान सात वर्षे शिक्षेचा गुन्हा नसल्यास जैविक नमुना देण्यास नकार देता येतो, ही तरतूद सत्याग्रहात अटक होणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असावी. ठाण्यात ती कोणी आपणहून वाचून दाखवणार नाही.

या साठ्यात भर कोणाची पडणार? ज्यांना वारंवार अटक होते त्यांची. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या १९११ च्या सुधारित अवताराने पारधी, रामोशी अशा जमातींना जन्मतःच संशयित ठरवले, हजेरी लावायला लावली, त्यांचे ठसे घेतले. तो कायदा १९५२ साली गेला. गावात चोरी झाली की पारध्यांच्या पालावर जाण्याची पोलिसांची सवय गेली नाही. डीएनएच्या नोंदीत तर नात्याचाही माग असतो. एका भावाची नोंद म्हणजे साऱ्या भावंडांवर नजर. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने डिसेंबर २००८ मध्ये, दोषी न ठरलेल्यांच्या अशा नोंदी सरसकट ठेवणे बेकायदा ठरवून ब्रिटनला फटकारले.

आपल्या कायद्यात, पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटल्यास सर्व न्यायालयीन मार्ग संपल्यावर त्याची नोंद नष्ट करावी असे म्हटले आहे, न्यायालयाने वेगळे न सांगितल्यास. म्हणजे ज्याच्यावर पूर्वी एखाद्या किरकोळ चोरीचा ठपका सिद्ध झाला त्याला हे संरक्षण नाही. जिल्ह्यात किती नमुने घेतले गेले, किती ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचले आणि सुटलेल्यांपैकी किती जणांच्या नोंदी नष्ट झाल्या, हे तीन प्रश्न माहिती अधिकाराखाली जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाला विचारता येतात. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो.