निरोगी आतड्याची साक्ष

रोगाचा विचार आपण बहुधा रोग प्रकट झाल्यावरच करतो. परंतु ज्या अवयवावर उद्या व्याधीचा अंमल बसण्याचा संभव आहे, त्याची आजची निरोगी अवस्था बारकाईने वाचली, तर त्या व्याधीची पुष्कळशी पूर्वपीठिका तेथेच सापडते, हे मोठ्या आतड्याच्या अभ्यासाने दाखवून दिले आहे.

सुमारे दीड मीटर लांबीचे हे आतडे दिसावयास एक असले, तरी गर्भावस्थेत त्याची घडण दोन भिन्न मुळांपासून होते: उजवी बाजू व आडव्या भागाचा सुमारे दोन तृतीयांश हिस्सा मध्यांत्रापासून, आणि उरलेली डावी बाजू पश्चांत्रापासून. दोहोंकडील पेशींपाशी जनुकांचे दप्तर तेच असते. मात्र बार्शीटाकळीच्या तहसील कचेरीत सारे दप्तर एका छपराखाली असूनही प्रत्येक कारकून जसा आपल्या कामापुरतेच कागदांचे रुमाल सोडतो, तशी प्रत्येक पेशी ठराविक जनुकेच उपयोगात आणते. यालाच जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात. २००३ साली अमेरिकेतील संशोधकांनी प्रौढांच्या आतड्याचे निरोगी अस्तर तपासले, तेव्हा उजव्या व डाव्या बाजूंत हजाराहून अधिक जनुकांची अभिव्यक्ती भिन्न आढळली; गर्भाच्या आतड्यात मात्र हा भेद त्याहून कितीतरी थोड्या जनुकांत होता. म्हणजे जन्मापूर्वी आखलेली सीमा जन्मानंतरच्या आयुष्यात अधिक ठळक होत जाते.

कर्करोगाच्या स्वरूपातही हीच सीमा उमटलेली दिसते. उजवीकडील अर्बुदांत डीएनएच्या दुरुस्तीची व्यवस्था बिघडलेली अधिक वेळा आढळते, डावीकडे गुणसूत्रांची मोडतोड अधिक. आणि रोग पसरल्यावर दिली जाणारी काही औषधेही डाव्या बाजूच्या रोगावर अधिक गुणकारी ठरतात.

आहाराचा प्रभावही येथे नजरेआड करता येत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतील कृष्णवर्णीय व ग्रामीण दक्षिण आफ्रिकी लोकांच्या आहाराची अदलाबदल केली असता, अवघ्या दोन आठवड्यांत आतड्याच्या अस्तरातील दाह व पेशीवृद्धीच्या खुणा बदलल्या. चोथायुक्त अन्नाने त्या ओसरल्या, मांस व स्निग्ध पदार्थांनी वाढल्या. ज्वारीची भाकरी व तुरीचे वरण ही कर्करोगापासून अभयाची सनद नव्हे. तरीही वऱ्हाडातील हा चोथायुक्त आहार सहजासहजी सोडून देऊ नये, एवढा बोध त्यातून निश्चित घ्यावा.

मुंबईत १९६३ साली, आणि ग्रामीण भागासाठी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली, कर्करोगाची पद्धतशीर नोंदणी सुरू झाली. आपल्याकडे मोठ्या आतड्याचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने बराच कमी आढळतो. परंतु परदेशी स्थायिक झालेल्या भारतीयांत त्याचे प्रमाण वाढते. म्हणून रोग्यांच्या नोंदीबरोबर आपल्या निरोगी माणसांच्या आतड्याचाही अभ्यास झाला पाहिजे, असे माझे आग्रहपूर्वक म्हणणे आहे.

तूर्त प्रत्येक घराने एवढे ध्यानात ठेवावे, की उजवीकडील रोगात रक्त नकळत झिरपत राहून अशक्तपणा व पांडुरोग एवढीच लक्षणे दीर्घकाळ दिसू शकतात, तर डावीकडील रोगात शौचाची नेहमीची रीत बदलते किंवा रक्त दिसते. प्रौढ माणसाचे रक्त विनाकारण कमी होत असेल, तर केवळ शक्तिवर्धक औषधावर दिवस काढू नयेत. आणि शौचावाटे रक्त गेल्यास ती मूळव्याधच असेल असे गृहीत न धरता डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी, कारण वेळीच सापडलेला हा रोग शस्त्रक्रियेने बहुधा बरा होऊ शकतो.