साठीनंतरची जोखीम



लैंगिक गुन्ह्याची शिक्षा भोगून माणूस साठीनंतर तुरुंगाबाहेर पडतो, तेव्हा त्याच्यापासून धोका किती उरलेला असतो? न्यायाधीश, मानसोपचारतज्ज्ञ आणि कारागृह अधिकारी आज एकाच सभागृहात आहेत, म्हणून हा अवघड प्रश्न इथे घ्यायलाच हवा.

वयाबरोबर गुन्हेगारी ओसरते, हे बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांनी एकोणिसाव्या शतकातच आकड्यांनी दाखवले होते. लैंगिक गुन्हेगार मात्र याला अपवाद, असा समज पुढेही टिकून राहिला. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ कार्ल हॅन्सन यांनी २००२ मध्ये ४,६७३ जणांचा सुटकेनंतरचा मागोवा मांडला आणि चित्र बदलले. बलात्काराच्या गुन्हेगारांची जोखीम वयाबरोबर सतत उतरत गेली होती. घराबाहेरच्या मुलांचे शोषण करणाऱ्यांची जोखीम मात्र पंचविशी ते पस्तिशीत सर्वाधिक होती आणि पन्नाशीपर्यंत फारशी घटलीच नाही. पंचेचाळीस वर्षांच्या कैद्याला ‘आता निवळला असेल’ म्हणून सोडण्याआधी त्याचे लक्ष्य कोण होते, हे पाहावेच लागते.

अशा अभ्यासांमुळे जोखमीची मोजपट्टीही बदलली. हॅन्सन आणि डेव्हिड थॉर्नटन यांच्या ‘स्टॅटिक-९९’मध्ये पंचविशीच्या आतल्याला जोखमीचा एक गुण होता, त्यापुढे तीस काय नि सत्तर काय, शून्यच. सुधारित ‘स्टॅटिक-९९आर’मध्ये पस्तिशीच्या आत अधिक एक, चाळिशी ते साठीपर्यंत उणे एक आणि साठीनंतर थेट उणे तीन. शिवाय, बाहेर नवा गुन्हा न करता काढलेल्या दर पाच वर्षांनी जोखीम साधारण निम्मी होते, असे हॅन्सन व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले.

पण सरासरी म्हणजे माणूस नव्हे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९९७ मध्ये आलेल्या कॅन्सस विरुद्ध हेंड्रिक्स खटल्यातल्या माणसाने, मुलांवरचे अत्याचार थांबण्याची खात्री आपल्या मृत्यूनेच मिळेल, अशी साक्ष दिली होती. त्या वेळी तो साठीच्या आसपास होता. अशा माणसाला वजा गुणांचा आधार देऊन मोकळे सोडणे हा बेजबाबदारपणा ठरेल.

आणखी एक गोष्ट फार अस्वस्थ करणारी आहे. पुन्हा गुन्हा घडल्याचे हे आकडे अटक किंवा दोषसिद्धी मोजतात, अत्याचार मोजत नाहीत. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचाच आढळतो. आजोबांच्या वयाच्या माणसाविरुद्ध नातीने तोंड उघडणे किती कठीण असते, हे इथल्या समुपदेशकांना सांगायला नको. वृद्धांच्या कमी आकड्यात या दडपलेल्या तक्रारींचाही वाटा असणार.

भारतात या प्रश्नाला कायद्याचा थेट आधार आहे. लक्ष्मण नस्कर प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेत सूट देताना पाहायचे मुद्दे सांगितले; गुन्हा पुन्हा घडण्याची शक्यता आणि कैद्याची गुन्हा करण्याची क्षमता उरली आहे का, हे दोन त्यांत आहेत. या दोन मुद्द्यांची उत्तरे पुराव्यावर उभी असली पाहिजेत. ‘स्टॅटिक-९९’ कॅनडा आणि ब्रिटनमधल्या कैद्यांवर बेतलेली आहे, ती जशीच्या तशी येरवड्यात किंवा नाशिक रोडला वापरता येणार नाही. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय माहितीसूची मात्र २०१८ पासून आहे. सुटकेच्या वेळचे वय, पीडितेशी असलेले नाते आणि पुढच्या पाच-दहा वर्षांतली प्रत्येक नवी तक्रार तिच्याशी जोडण्याचे काम कारागृह विभाग आणि विद्यापीठांनी मिळून हाती घ्यावे, आणि तसा ठराव याच अधिवेशनात मांडला जावा.