अकरावी-बारावीची मुलं कोणाची?



वेतनश्रेणी, जुनी पेन्शन आणि रिक्त पदं यांचा समाचार घेतल्याशिवाय आपल्या शिक्षकांच्या अधिवेशनात अध्यक्षीय भाषण पुरं होत नाही. हे तीनही विषय खरे आहेत, पण आपले सरचिटणीस ते माझ्यापेक्षा वरच्या पट्टीत मांडतात, तेव्हा ते त्यांच्यावर सोपवते. ज्यांच्यामुळे आपली पदं आहेत त्या मुलांबद्दल मला बोलायचं आहे. सोळा ते अठरा वर्षांची ही मुलं नेमकी कोणाची, एवढाच माझा प्रश्न आहे.

कोठारी आयोगाच्या शिफारशींनंतर महाराष्ट्राने दहा-दोन-तीनचा आकृतिबंध स्वीकारला आणि 1975 साली अकरावीचे वर्ग सुरू झाले. मधली दोन वर्षं बसवायची कुठे, हे तेव्हा नीट ठरलंच नाही. काही तुकड्या हायस्कूलला जोडल्या, काही पदवी महाविद्यालयाला. आजही मुख्याध्यापकांचा जीव दहावीच्या निकालात असतो आणि प्राचार्यांचा नॅक मूल्यांकनाच्या फायलींत. मधल्या मुलांची आठवण येते ती प्रवेशाच्या वेळी आणि बोर्डाच्या परीक्षेला. कायद्यानेही त्यांचा हात मध्येच सोडला. शिक्षणहक्क कायदा चौदाव्या वर्षी थांबतो, शाळेतला पोषण आहार आठवीला संपतो. आपण तर मुलांना पहिल्याच दिवशी ऐकवतो, "आता तुम्ही मोठे झालात, इथे कोणी मागे लागणार नाही." आणि त्याच मुलाला ओळखपत्रावर सही हवी असली, की म्हणतो, "पालकांना घेऊन ये."

याच मोकळ्या जागेत क्लासवाले शिरले. विज्ञान शाखेच्या कित्येक तुकड्यांत मुलाचं नाव आपल्याकडे आणि मूल क्लासमध्ये, अशी वाटणी झाली आहे. त्याला कोणी टाय-अप म्हणतं, कोणी इंटिग्रेटेड. 2018 मध्ये शासनाने विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरीची सक्ती केली. यंत्रं भिंतीवर लागली. पुढे काय झालं ते या सभागृहात कोणाला सांगायला नको. जानेवारी 2024 मध्ये केंद्राने सोळा वर्षांखालच्या मुलांना क्लासमध्ये घेऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली. आपली मुलं नेमकी सोळा ओलांडलेली, म्हणजे तिथूनही निसटली.

लातूरला जाऊन बघा. नांदेड-परभणीकडून आलेली पोरं तिघं-चौघं मिळून खोली घेतात, डबा मेसचा, रात्र अभ्यासिकेत. क्लासच्या दर आठवड्याच्या चाचणीत आपला नंबर कितवा, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पण ताप आला तर दार कोणाचं ठोठावायचं? घरमालक भाड्यापुरता, क्लास नंबरापुरता आणि कॉलेज प्रात्यक्षिक परीक्षेपुरतं. मी क्लासच्या विरोधात भाषण करायला उभी नाही. तिथे चांगलं शिकवणारी माणसं आहेत आणि पालक काही वेडे नाहीत. पण मुलाची जबाबदारी तिघांत वाटली गेली, म्हणजे ती कोणावरच उरली नाही, हे आपण पाहायला हवं.

उरली हजेरी. बोर्डाला 75 टक्के लागते, म्हणून आपण ती भरतो. वाचत मात्र नाही. मी रसायनशास्त्र शिकवते. माझ्या कॅटलॉगात एका मुलाच्या नावापुढे दर गुरुवारी गैरहजेरी पडत होती. बेरीज केली तर टक्केवारी चांगली, त्यामुळे ऑफिसला तक्रार नाही. गुरुवार हा तालुक्याचा बाजार. वडिलांचं पाठीचं दुखणं सुरू झाल्यापासून भाजीच्या पालाखाली तो बसत होता. प्रात्यक्षिकांची त्याची बॅचही गुरुवारचीच. बॅच मंगळवारी हलवली, एवढंच काम होतं. त्यासाठी समिती लागली नाही, निधी लागला नाही. कॅटलॉगाची पानं उभी वाचावी लागली.

दुसरी गोष्ट एका मुलीची. टायट्रेशनचं तिसरं वाचन घ्यायच्या आधीच ती ब्युरेट धुऊन ठेवायची. पहिल्या दोन वाचनांवरून तिसरं मनानेच लिहायची, तेही इतकं चोख, की जर्नल तपासताना शंका येऊ नये. चुकारपणा म्हणून मी तिला बोलणार होते. चौकशी केली तेव्हा कळलं, तिच्या गावाची शेवटची गाडी सव्वापाचची आणि स्टँड कॉलेजपासून पंधरा मिनिटांवर. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसही धावतात, हे शासनाचं कामच आहे आणि ते मी मानते. पण आपलं वेळापत्रक आणि आगाराचं वेळापत्रक एकमेकांशेजारी ठेवून कधी पाहिलंय का आपण? जूनमध्ये वेळापत्रक समिती बसते, तेव्हा एसटीचा तक्ता समोर असावा, अशी माझी साधी सूचना आहे.

मराठी माध्यमातून येऊन अकरावी विज्ञानाला इंग्रजीत बसणाऱ्या मुलांचं तर विचारूच नका. शाळेत पहिल्या बाकावरून हात वर करणारं पोरगं ऑगस्टपर्यंत शेवटच्या बाकावर गेलेलं असतं. तुकडी ऐंशीची, कुठे एकशेवीसची. त्यात गप्प बसलेलं मूल शिस्तीचं वाटतं, आणि आपल्याला शिस्त आवडते.

मुलाच्या पाठीशी उभं राहणं ही काही आपल्या मातीला नवी गोष्ट नाही. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहं उभी केली. भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्याला बोर्डिंग काढलं, तेव्हा मुलांच्या ताटासाठी लक्ष्मीबाईंचे दागिने मोडले गेले. अच्युतराव आपट्यांनी 1955 मध्ये पुण्यात विद्यार्थी सहायक समिती सुरू केली, ती खेड्यातून शिकायला आलेल्या मुलांच्या राहण्या-जेवण्याच्या सोयीसाठी. फी माफ केली की मूल शिकतं, असा यांतल्या कोणाचाच भाबडा समज नव्हता. ते जेवलं का, हे विचारणारं माणूस त्यांनी आधी नेमलं.

इंग्लंडमध्ये आपल्या अकरावी-बारावीच्या वयाच्या दोन वर्षांना सिक्स्थ फॉर्म म्हणतात. पुष्कळ ठिकाणी ती जुन्या शाळेतच असतात, मूल बहुधा तीनच विषय घेतं आणि त्याच्यावर एक ट्यूटर नेमलेला असतो. ठरलेल्या वेळी तो आपल्या लहानशा गटाला भेटतो, गैरहजेरीची विचारपूस करतो. मूल विद्यापीठाचा अर्ज करतं, तेव्हा शाळेकडून जाणाऱ्या अभिप्रायात त्याच्या माहितीची भर असते. तिथे सगळं गोड आहे असं नाही. गरीब मुलांना या वयात शिकत राहण्यासाठी मिळणारा आठवड्याचा भत्ता इंग्लंडने 2011 मध्ये बंद केला आणि त्याजागी तुटपुंजा निधी ठेवला. त्यांची श्रीमंती आपल्याला झेपणारी नाही. पण विचारपूस करण्याचा तास वेळापत्रकातच छापलेला असतो, ही गोष्ट उचलण्याजोगी आहे. शिक्षकाच्या चांगुलपणावर ती सोडलेली नाही.

आता न्यायालयानेही दार वाजवलं आहे. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या 17 वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये देशभरासाठी निर्देश दिले. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक 2022 पासून सुरू आहे. तो प्रत्येक वर्गात, मुलींच्या कॉमन रूममध्ये आणि ओळखपत्राच्या मागे छापा. त्याला खर्च नाही. पण समुपदेशकाच्या दारावर पाटी लागली म्हणून मूल आपल्या पायाने आत जाईल, असं समजू नका. चार पोरांसमोरून त्या खोलीत शिरणं या वयात किती जड जातं, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याला तिथवर नेणारं माणूस वर्गशिक्षकच असतो, आणि कनिष्ठ महाविद्यालयातला वर्गशिक्षक म्हणजे फॉर्म गोळा करणारा आणि याद्या करणारा माणूस होऊन बसला आहे. त्यातले कितीतरी तासिका तत्त्वावरचे. तास संपला की त्यांना दुसरं कॉलेज गाठायचं असतं. त्यांच्याकडून मायेची अपेक्षा करायची आणि मोबदला फक्त तासाचा द्यायचा, हे मला पटत नाही.

म्हणून दुपारच्या खुल्या सत्रात जो ठराव येणार आहे, त्यात भावनेची भाषा कमी ठेवावी, असं मी मसुदा समितीला सांगितलं आहे. मागणी एवढीच: वर्गशिक्षकाला मुलांच्या विचारपुशीसाठी आठवड्यातून दोन तासिका कार्यभारात धरून मिळाव्यात, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला या दोन तासिकांचं मानधन मिळावं आणि एका वर्गशिक्षकाकडे चाळीसपेक्षा जास्त मुलं नसावीत. शासन म्हणेल, पदं कुठून आणायची? तेव्हा सरचिटणीसांनी रिक्त पदांची यादी काढावी. ती त्यांच्या पिशवीत नेहमीच असते. मात्र ठरावाला हात वर करण्याआधी एक कलम नीट वाचा. वर्गात न येणाऱ्या मुलाची हजेरी कोणाच्याही सांगण्यावरून लावणार नाही, अशी आपल्या बाजूची हमी त्यात लिहिली आहे. हे कलम गाळा, अशी सूचना काल रात्रीच दोघा-तिघांकडून आली. ते राहावं, अशी माझी विनंती आहे. पुढचा निर्णय सभेचा.